एमबीएला सिस्टिम्स घ्यावं का? (बीकॉमवाली आहे, कोडिंग शून्य, दुकान गांधीबागला)

गांधीबागची_पोट्टी
नमस्कार मंडळी. एमबीएचं पहिलं वर्ष संपत आलं, आता स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचा आहे नं मी तिथंच अडकून राहिली. घरचे म्हणतात फायनान्स घे, मैत्रिणी सगळ्या एचआर नाही तं मार्केटिंगला चालल्या, अन् मला मात्र या सेमला जो इन्फर्मेशन सिस्टिम्सचा पेपर होता तोच चक्क आवडला. पण बीकॉम केलेलं, कोडिंगच्या नावानं बोंब, बारावीत आयटी विषय होता तेव्हा एचटीएमएल पाठ करून मार्क घेतले तेवढंच. वर्गातले इंजिनियर पोट्टे म्हणतात हे आमच्यासाठी आहे, तू काऊन शिरून राहिली यात. बाबांचं गांधीबागला कापडाचं होलसेल आहे, पुढं दुकानात बसायचं की नोकरी करायची हे काही ठरलं नाही. तं विचारायचं असं की हा विषय पुस्तकाबाहेर नेमका असतो काय, अन् नागपुरात राहून त्याचा उपयोग होते का पुण्यालाच जावं लागते? नोट्सच्या पीडीएफ नका पाठवू प्लीज, त्या भल्ल्या आहेत माझ्याकडे.

तर्रीपोहे
इंजिनियर पोट्ट्यांचंच होतं सगळं तं ते एमबीएला काऊन आले म्हणा, विचार एकदा.

धरमपेठकर
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी सीए फर्ममध्ये आहे, रोज व्यापाऱ्यांच्याच फायली हातात असतात. सिस्टिम्सचं स्पेशलायझेशन केलेला माणूस धड इंजिनियर नाही आणि धड मॅनेजर नाही अशा जागी जाऊन बसतो. सॉफ्टवेअरचं काय, पैसे टाकले की मिळतं. गांधीबागेत टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) नसलेलं दुकान शोधून दाखवा मला. निकोलस कार नावाच्या माणसानं २००३ मध्येच हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहून ठेवलं की आयटी आता विजेसारखी झाली, सगळ्यांकडेच आहे, मग तिच्या जोरावर कोण कोणाच्या पुढे जाणार, त्यापेक्षा खर्च आवरा आणि धोका सांभाळा. मला तर पटतं. फायनान्स मेजर घ्या, सिस्टिम्सचा एखादा पेपर इलेक्टिव्ह म्हणून ठेवा, विषय संपला.

मिहानवाला
धरमपेठकर साहेब, कारला लोकांनी काय काय उत्तरं दिली ते पण वाचा कधी. एकच सॉफ्टवेअर दोन कंपन्यांत बसवलेलं मी पाहिलं आहे, एकीत महिनाअखेरचं क्लोजिंग पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊन जाते अन् दुसरीत पंधरा तारीख उलटली तरी फोन चालूच. सॉफ्टवेअर तेच, व्हर्जन तेच. हा फरक कुठून येते तेच तं या विषयात शिकायचं असते.

ताई आता तुमचं. मी एसएपीत (मोठ्या कंपन्या खरेदी, विक्री, हिशेब ज्यावर चालवतात ते सॉफ्टवेअर) फंक्शनल कन्सल्टंट आहे, सेल्स अँड डिस्ट्रिब्युशनचं काम पाहतो, अन् मी पण बीकॉमच. कोड लिहिणारे वेगळे असतात, एबॅपवाले (एबॅप म्हणजे एसएपीची कोडिंगची भाषा), ते माझ्या बाजूलाच बसतात. माझं काम काय तं क्लायंट म्हणते 'आम्हाला डिस्काउंट द्यायचा आहे', त्यावर मी विचारायचं कोणाला द्यायचा, बिलावरच द्यायचा की वर्षाच्या शेवटी, माल परत आला तं दिलेला डिस्काउंट परत घ्यायचा का, अन् हे मंजूर कोण करणार. इथं अर्ध्या वेळा क्लायंटच्याच दोन माणसांची आपसात जुंपते, कारण हा विचार कोणी कधी केलेलाच नसते. ते भांडण मिटलं की सिस्टिममध्ये टाकायला एक दुपार पुरते. बऱ्याच इंजिनियर पोट्ट्यांचं घोडं इथंच अडते, डेबिट नोट कोण काढते नं क्रेडिट नोट (झालेल्या बिलातली रक्कम कमी करायचा कागद) कोण काढते हे समजावता समजावता नाकी नऊ येते माझ्या. तुम्हाला ते दुकानात बसून आपोआप येत असेल.

नोकरीचं म्हणाल तं इथल्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे. पण फ्रेशरला थेट कन्सल्टिंग मिळेल असं धरून चालू नका, बहुतेक सपोर्टपासून सुरुवात होते, तिकिटं, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी, सोडवायच्या, रात्रपाळी पण करावी लागते. सपोर्टला नाकं मुरडतात लोक पण सिस्टिम कुठं कुठं मोडते ते तिथंच दिसते. आयटी कंपन्या सोडून बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, मोठी हॉस्पिटलं, ट्रान्सपोर्टवाले यांना पण माणसं लागतात, ती जाहिरात 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' (एमआयएस म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, साहेब लोकांसाठी रिपोर्ट काढणारी) म्हणून येते. त्यात मात्र सावध राहा, अर्ध्या ठिकाणी त्या नावाखाली दिवसभर नुसतं एक्सेल भरून घेतात. इंटरव्ह्यूतच विचारायचं, हा रिपोर्ट कोण वाचते नं वाचून काय करते.

तर्रीपोहे
एमआयएस एक्झिक्युटिव्ह हजर आहे. रिपोर्ट कोणीच वाचत नाही बाप्पा. मी शेरा कॉलमात 'हे वाचणाऱ्याला माझ्याकडून चहा' असं टाकून ठेवलं आहे, रोजच्या मेलमध्ये सगळ्या साहेब लोकांना जाऊन राहिलं, आजपर्यंत एक पण चहा मागायला नाही आला.

खडू_फळा
तर्रीपोहे, तुमचा चहा उद्या वर्गात सांगणार आहे, चालेल ना? मी दोन कॉलेजांत हाच विषय व्हिजिटिंग म्हणून शिकवतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये मॅनेजमेंटचे तीन थर मांडले, खालचा रोजचं काम उरकणारा, मधला त्यावर लक्ष ठेवणारा आणि वरचा धोरण ठरवणारा. पुढे १९७१ मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी त्याला दुसरी बाजू जोडली, की निर्णय नेहमीच्या ठरीव साच्यातला आहे की दर वेळी नव्याने डोकं चालवायला लावणारा आहे. आमची मुलं हा त्रिकोण काढतात, टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी सिस्टिम), एमआयएस, डीएसएस (निर्णयाला मदत करणारी) अशी नावं भरतात, मार्क घेतात आणि विसरून जातात. गांधीबागच्या ताईंनी तो दुकानावर बसवून पाहावा. बिल फाडणं, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) लावणं हा खालचा थर. कोणत्या पार्टीची उधारी नव्वद दिवसांच्या वर गेली हा मधला. पुढच्या लग्नसराईला सुरतेहून किती माल उचलायचा, का या वेळी इचलकरंजीकडे वळायचं, हा वरचा. आता वरच्या प्रश्नाचं उत्तर खालच्या बिलातूनच यायचं असतं की नाही? बिलावर नुसतं 'साडी ४० नग' लिहिलेलं असेल, कुठली, कोणत्या रंगाची, कोणत्या भावातली काहीच नाही, तर वर बसलेल्या माणसाला कितीही महागाचं सॉफ्टवेअर द्या, माल तो अंदाजानेच उचलणार. रिपोर्ट वाचला जात नाही त्यालाही बरेचदा हेच कारण असतं, वाचून काही ठरवता येईल असं त्यात नसतंच.

आणि हर्शीची केस वाचाच, परीक्षेला हमखास असते. अमेरिकेतली चॉकलेटवाली कंपनी. ११.२ कोटी डॉलरचा प्रोजेक्ट, एसएपी आणि त्याच्या जोडीला सीबेल आणि मॅन्युजिस्टिक्स, म्हणजे तीन वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकत्र. शिफारस ४८ महिन्यांची होती, कंपनीनं ३० महिन्यांत उरकायचं ठरवलं कारण वायटूके, म्हणजे सन २००० लागताच जुन्या सिस्टिमच्या तारखा गडबडतील ही धास्ती, डोक्यावर येऊन बसलं होतं. शेवटी सगळं एकदम सुरू केलं ते जुलै १९९९ मध्ये, आणि तोच हॅलोविनच्या ऑर्डरी घ्यायचा काळ, त्या धंद्याचा खरा सीझन. माल गोडाऊनला पडलेला, ऑर्डरी कॉम्प्युटरात पडलेल्या आणि दोघांची गाठ पडेना. सीझनच्या गर्दीत हा माल इथे-तिथे जागा मिळेल तिथे ठेवायची त्यांची जुनी पद्धत होती, कुठे ठेवलाय ते माणसांना माहीत असायचं, सिस्टिमला कोणी सांगितलंच नव्हतं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. मुलं उत्तरात लिहितात 'एसएपी फेल झालं'. मी मार्क कापतो. त्याच कंपनीनं २००२ मध्ये तेच सॉफ्टवेअर पुढच्या व्हर्जनला नेलं आणि ते काम नीट पार पडलं.

बुटीबोरी_स्टोअर
सर अमेरिकेत कशाला जाता, आमच्या इकडे या. आधी जिथं होतो तिथली गोष्ट आहे, कंपनीचं नाव नाही सांगत. ईआरपी (सगळ्या डिपार्टमेंटचं मिळून एकच सॉफ्टवेअर) आलं, तं पहिलं काम मटेरियल मास्टर, म्हणजे स्टोअरमधल्या हरेक वस्तूला एक कोड. बाहेरून दोन पोट्टे आले होते, त्यांच्या हातात आमच्या साहेबानं जुनी एक्सेल शीट देऊन टाकली नं म्हणे हे चढवा. आता त्या शीटमध्ये एकच ६२०५ नंबरचं बेअरिंग तीन नावानं होतं, 'बेअरिंग ६२०५', '६२०५ बॉल बेअरिंग' अन् 'बेरिंग पंपवाली', कारण मेंटेनन्सचा फोरमन तसाच म्हणे. तिन्हीले वेगळा कोड पडला. मग काय, एका कोडात स्टॉक शून्य दिसला की खरेदीची मागणी निघे, अन् तेच बेअरिंग दुसऱ्या कोडाखाली रॅकवर धूळ खात पडलेलं. वायरचं तं विचारूच नका, घेताना मीटरमध्ये, देताना बंडलात, तं नव्वद मीटरचं बंडल दिलं की पोट्टा टाके '१', सिस्टिम समजे एक मीटर गेली. कागदावर एवढी वायर शिल्लक की नागपूर ते वर्धा टाकून उरली असती.

पण खरी मजा रात्रपाळीची. रात्री दोन वाजता मशीन बसली तं फोरमन चिठ्ठी देऊन पार्ट घेऊन जाते, त्यावर नुसती सही. सकाळी आमचा पोट्टा एंट्री मारते. माल आला तं १०१, कामावर दिला तं २६१, डिपार्टमेंटच्या खर्चात टाकायचा तं २०१, हे एंट्रीचे नंबर आम्हाला झोपेत पण येतात. तं २०१ मारताना विचारते कोणत्या कॉस्ट सेंटरला, म्हणजे कोणत्या डिपार्टमेंटच्या नावावर, टाकू, चिठ्ठीवर लिहिलेलंच नाही, फोरमन ड्युटी संपवून घरी. पोट्टा काय करते, यादीतलं पहिलं नाव दाबून मोकळा. पहिलं नाव होतं बॉयलर. वर्षाच्या शेवटी रिपोर्ट निघाला की सगळ्यात जास्त खर्च बॉयलर हाऊसचा, अन् मीटिंगमध्ये त्या बॉयलरवाल्याची सगळ्यांसमोर धुलाई झाली. त्याचा गुन्हा एवढाच की इंग्रजी बाराखडीत त्याचं डिपार्टमेंट पुढं येते.

नीट कसं झालं ते ऐका. सॉफ्टवेअरवाल्याला नाही बोलावलं कोणी. नवीन स्टोअर मॅनेजर आला, त्यानं चिठ्ठीचं पुस्तकच नवीन छापून घेतलं, त्यावर डिपार्टमेंटचे चौकोन, टिक मारल्याशिवाय खिडकीतून माल नाही, मग साहेब असो का फोरमन. दोन-चार दिवस शिव्या खाल्ल्या त्यानं, मग झाली सवय. हे असं डोकं चालवणारा माणूस पायजे असते कारखान्यात, ताई, तुमचा तो कोर्स हे शिकवत असेल तं बिनधास्त घ्या.

धरमपेठकर
किस्सा झकास. पण हे तर कॉस्टिंगवाल्यानं पकडायला हवं होतं, एका डिपार्टमेंटचा खर्च अचानक फुगला की खाली जाऊन व्हाउचर पाहायचं. म्हणजे शेवटी फायनान्सच की.

मिहानवाला
पकडलं असतं हो. जर्नल एंट्री मारून आकडा बॉयलरमधून काढला असता नं पुढच्या महिन्यात पोट्ट्यानं परत बॉयलरच दाबलं असतं.

धरमपेठकर
हं. हे मात्र खरं आहे, असं होताना पाहिलं आहे.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगतो मग. जीएसटीनं व्यापाऱ्याला सिस्टिम शिकवली, आवडो न आवडो. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं तेव्हा ५०० कोटींच्या वरच्यांनाच होतं, मग १०० कोटी, ५०, २०, १० असं उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. म्हणजे बिल आधी सरकारच्या पोर्टलवर चढणार, तिथून नंबर आणि क्यूआर येणार, मग ते पार्टीला जाणार. गांधीबाग, इतवारीतली कित्येक दुकानं यात आली. पूर्वी बिल चुकलं तर फाडून दुसरं लिहायचे, आता रद्द करायला २४ तास, नंतर क्रेडिट नोट. आणि कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची नोंद चालू ठेवणं सक्तीचं आहे. त्यामुळे फायनान्सवाल्याला हे यायलाच हवं. माझं म्हणणं तेच आहे, फायनान्स मेजर आणि हे जोडीला.

रजिस्ट्रेशन_काउंटर
मी हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला आहे, नोकरी करत करत एमबीए केलं, सिस्टिम्स घेऊनच. पोरींना भीती घालतात तशी कोडिंगची काही गरज पडत नाही गं. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मात्र शीक, सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय एवढं हातात बसलं तरी आयटीवाल्यांच्या मागं 'दादा एवढा रिपोर्ट काढून द्या नं' करत फिरावं लागत नाही. डेटाबेसचं नॉर्मलायझेशन (एकच माहिती दहा जागी राहू नये अशी मांडणी) रटू नको, एक पेशंट, त्याच्या दहा भेटी, हरेक भेटीत चार तपासण्या असं कागदावर मांडून पाहा, पेशंटचा फोन नंबर बदलला तं किती जागी खोडावं लागते ते मोज, तिन्ही नॉर्मल फॉर्म, म्हणजे त्याच्या पायऱ्या, तिथंच समजून जातील.

अन् सिस्टिम बदलायचे प्रकार येतात नं, एकदम बदलणे, दोन्ही सोबत चालवणे, टप्प्याटप्प्यानं, एका विभागात करून पाहणे. पुस्तकात दोन्ही सोबत चालवणे हा सगळ्यात सुरक्षित लिहिलेला असते. आमच्याकडे जुनं रजिस्टर नं नवीन सॉफ्टवेअर दोन्ही सोबत ठेवले होते. पुस्तकात हे नाही लिहिलेलं की त्या काळात काउंटरवरच्या बाईला तेच काम दोनदा करावं लागते, पगार एकच, समोर पेशंटची लाइन, नातेवाईक ओरडून राहिले. मग ती काय करणार, रजिस्टर नीट लिहिणार कारण ते तिला येते, अन् कॉम्प्युटरमध्ये रात्री घाईघाईत काहीतरी भरणार. नंतर दोन्हीचे आकडे जुळत नाहीत म्हणून सॉफ्टवेअरच खराब असं सगळे म्हणतात. आम्ही शेवटी तेवढ्या दिवसांसाठी दोन बायका जास्तीच्या मागितल्या, मॅनेजमेंट तयार नव्हतं, खूप भांडावं लागलं. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ही माणसं कोणीच धरत नाही, लायसन्स धरतात, सर्व्हर धरतात, ट्रेनिंगच्या समोशाचे पैसे पण धरतात.

कागद पूर्ण सोडूही नका पण. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका खराब अपडेटनं जगभरात ८५ लाख विंडोज मशीन बसल्या, आपल्या इकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले लोकांना. आमच्याकडे तेव्हापासून कोऱ्या केस पेपरचा गठ्ठा काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतो, नं तो कुठं आहे ते नवीन आलेल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी दाखवतात. बॅकअप, रिकव्हरी टाइम वगैरे चॅप्टर वाचशील तेव्हा आपल्या दुकानाचा विचार कर, टॅलीचा बॅकअप कुठं आहे, त्याच कॉम्प्युटरमध्ये का?

गांधीबागची_पोट्टी
बाप्पा, इतकं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. बॅकअप त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे 🙈 आजच पेनड्राइव्हवर घेतला.

आमच्याकडे असं आहे की ऑर्डर व्हॉट्सअपवर येते, नाही तं फोनवर, ती मुनीमकाका वहीत लिहितात. मुनीमकाका म्हणजे आजोबांच्या काळापासूनचे. संध्याकाळी एक दादा येतात ते टॅली भरतात. बाबांना म्हटलं की आपण नवीन सॉफ्टवेअर घेऊ, बारकोडवालं, तं बाबा म्हणाले काकांना विचार, अन् काका म्हणाले बेटा तू लग्न होऊन जाशील मग हे चालवेन कोण 😑 कॉलेजला प्रोजेक्ट पण द्यायचा आहे, दुकानावरच करू का?

खडू_फळा
करा, पण सॉफ्टवेअरचं नाव काढू नका इतक्यात. कापडाचा एक ताका घ्या आणि त्याच्या मागे जा. ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत त्या ताक्याबद्दल कोणी कुठे काय लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं, आणि तीच गोष्ट किती वेळा लिहिली. हमाल काय सांगतो, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी कोणाच्या खिशात राहते, सगळं. पानभर चित्र पुरे, बाण आणि चौकोन. गुळगुळीत प्रेझेंटेशन नको, वहीतल्या पानाचा फोटो लावा. आणि काकांना विचारताना 'काका, हे कसं करता ते शिकवा' असं विचारा, ते खरंही आहे.

फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं मॉडेल तुम्हाला असेलच, माणूस नवी गोष्ट कधी वापरतो, तर ती आपल्या कामाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली तर. मुलं ते ग्राहकांच्या सर्वेला लावतात, पाचपैकी किती गुण वगैरे. काकांना लावून पाहा. ते नको का म्हणतात?

तर्रीपोहे
काका नको म्हणतात कारण वही म्हणजे काकाच आहे बे. वही गेली तं काकाले कोण विचारते.

गांधीबागची_पोट्टी
परत आली. फॉर्म भरला, सिस्टिम्स मेजर नं फायनान्स मायनर, धरमपेठकर सर अर्धे तुमचं ऐकलं.

ताक्याच्या मागं गेली सरांनी सांगितलं तसं. तीच ऑर्डर व्हॉट्सअप, वही, चालान, टॅली अशी लिहिली जाते, अन् वहीत काका पार्टीचं नाव गावावरून लिहितात, 'उमरेडवाले', 'काटोलवाले', टॅलीवाल्या दादाला प्रत्येक वेळी विचारावं लागते कोणते उमरेडवाले, कारण दोन आहेत. इथपर्यंत मला वाटलं होतं तसंच निघालं.

पण वापसीचं मला माहीतच नव्हतं. पार्टीकडून माल परत आला की तो माडीवर जाते, ताक्याला चिठ्ठी खोचतात, अन् त्या चिठ्ठीची दुसरी प्रत काकांच्या लोखंडी कपाटात. टॅलीत काहीच नाही. दिवाळीच्या आधी पार्टी हिशेबाला आली की काका कपाट उघडतात, चिठ्ठ्या काढतात, नं तेव्हा वजा करतात. म्हणजे वर्षभर उधारी जास्त दिसते, स्टॉक कमी दिसते, बाबा त्याच डिझाइनचा माल परत मागवतात जो माडीवर पडला आहे!! मी माडीवर गेली, चिठ्ठ्या पाहिल्या, एकाच गिरणीच्या गडद काठाच्या मालाच्या सगळ्यात जास्त, रंग जाते म्हणून परत आलेल्या. बाबांना माहीत होतं की 'थोडाफार येते परत'. थोडाफार नाही आहे तो.

धरमपेठकर
अहो ताई, क्रेडिट नोट दिवाळीला?? जीएसटीतली क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरच्या आत रिटर्नमध्ये दाखवावी लागते, त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर तोपर्यंतच. मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या राहिल्या असतील तर तो टॅक्स तुमच्या खिशातून गेला. आज कपाट उघडा आधी. आणि ई-इन्व्हॉइसमध्ये असाल तर क्रेडिट नोटही पोर्टलवरूनच जाते.

मिहानवाला
हा तुमचा प्रोजेक्ट. नवीन सॉफ्टवेअर वगैरे सोडा, टॅलीत क्रेडिट नोट आधीच आहे, फक्त वापरत नाही कोणी. माल माडीवर चढायच्या आधी एंट्री, कारण काय त्याची चार-पाच नावं ठरवा, रंग गेला, माप कमी, चुकीचा रंग, उशिरा पोचला. अन् 'इतर' ठेवू नका, ठेवलं तं सगळं त्यातच जाते, बुटीबोरीवाल्यांना विचारा.

बुटीबोरी_स्टोअर
हाव. अन् ठेवायचंच असेल तं यादीत सगळ्यात खाली, नं त्याच्यासमोर हातानं लिहायला लावा. लिहायचा कंटाळा येते मग माणूस बरोबर कारण शोधते.

आणखी एक, कपाटाची चावी काकांकडून काढू नका. पार्टी काकांना मान देते ते त्या चिठ्ठ्यांसाठीच, कोणाचं किती घ्यायचं नं कोणाला नाही म्हणायचं हे आजवर त्यांनीच ठरवलं. तं एंट्री दादा करेल पण काकांनी चिठ्ठीवर सही केल्याशिवाय होणार नाही असं ठेवा. काका खूश, नं तुम्हाला मंजुरी कोणाची ते पण लेखी मिळते.

रजिस्ट्रेशन_काउंटर
आणि संध्याकाळच्या त्या दादाला वापसीचं काम वाढलं म्हणून चार पैसे जास्त द्यायला सांग बाबांना. आधी सांग, नंतर नको.

गांधीबागची_पोट्टी
काकांना सहीचं विचारलं. म्हणाले सही तं मी आत्ता पण करतो की, तू पाहिली नाही का. खरंच आहे, प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ आहे, मी ती पेनाची चाचणी समजत होती.

बाबांनी त्या गिरणीला फोन केला, माल बदलून द्यायला तयार झाले आहेत, किती ते ठरून राहिलं. दादाचे पैसे वाढवले. आता विचारायचं होतं की याच झपाट्यात पार्ट्यांना व्हॉट्सअपवरच्या ऑर्डरी बंद करून एका गूगल फॉर्मवर आणू का? तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईची गर्दी सुरू होईन, त्याच्या आत होऊन जाईन असं वाटते.

खडू_फळा
हर्शी पुन्हा वाचा.

मिहानवाला
ऑर्डरीला हात लावू नका सीझन होईपर्यंत. वापसीची एंट्री रोज होते का तेवढंच पाहा, अन् दोन उमरेडवाल्यांना आधी वेगळी नावं द्या.